वाघिणीची उजवी बाजू

डोमाजीनं माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. मचाणावर तोंडातून शब्द काढायचा नाही असं आमचं ठरलं होतं. दोन बोटं म्हणजे वाघ.

मी मान तशीच ठेवून डोळे तेवढे फिरवले. साठेक पावलांवर नाल्याच्या वाळूत झिरा होता. वाळू उकरली की खालून पाझरतं ते पाणी. एप्रिल उतरणीला लागला की त्या जंगलात तेवढंच उरतं. झिऱ्यापलीकडच्या बांबूच्या बेटातून वाघीण निघाली, वाळूत उतरली आणि आमच्याकडे तोंड करून पाणी प्यायला बसली. साडेपाचही वाजले नव्हते. उजेड भरपूर होता.

चार दिवस आम्ही त्या अर्जुनाच्या झाडावर बसत होतो. पहाटे चढायचं, ऊन डोक्यावर आलं की उतरायचं, तीन वाजता पुन्हा चढायचं. चार दिवसांत मोर, चितळ आणि एक रानडुकरीण एवढेच पाण्यावर आले होते. आता ती समोर होती आणि मी बोट बटणावर ठेवून नुसता बसलो होतो, कारण मला तिचं तोंड नको होतं. मला तिची उजवी बाजू हवी होती.

ती सावकाश प्यायली. मग उठली आणि आमच्या उजव्या हाताला, बेटाच्या आतल्या कडेनं चालू लागली. उजवी बाजू पूर्ण माझ्याकडे. मी बटण दाबलं ते ती दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाही. चार-पाच सेकंद. चौदा फोटो.

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. झालं का, असं त्याचे डोळे विचारत होते. मी मान डोलावली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो उघडला. मग दुसरा. मग सगळे.

बांबू फार सुरेख आला होता. प्रत्येक पेराची रेघ न् रेघ, सुकलेल्या पानांच्या कडा, एका फोकावर चालणारा मुंगळासुद्धा. कॅमेऱ्यानं वाघिणीच्या पुढचा बांबू धरला होता. वाघीण त्याच्या मागे होती, पिवळ्या रंगाचं फडकं पाण्यात धरल्यासारखी.

तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो. नागपूरला सक्करदऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचे फोटो काढण्यात माझा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. लग्नात माझा एकही क्षण सुटला नाही. नवरदेव कुठं पळून जात नाही. जंगलात मात्र माझं काहीतरी बिनसायचं. बारा वर्षं मी दर सुट्टीला जंगलात जात होतो, आणि बारा वर्षांत मी काय काय चुकवलं होतं ते मला तारखांसकट पाठ होतं. धावड्याच्या फांदीवर बिबट्या झोपला होता तेव्हा माझं कार्ड भरलेलं होतं. रानकुत्र्यांनी सांबर पाडलं तेव्हा मी लेन्स बदलत होतो. पाठीवर पिल्लू घेतलेली अस्वलीण रस्ता ओलांडून गेली आणि घरी आल्यावर कळलं की सगळे फोटो पांढरेफटक आलेत, आदल्या संध्याकाळचं उजेडाचं माप मी बदललंच नव्हतं.

आमचा छायाचित्रकारांचा एक क्लब होता. दर महिन्याला जमायचं, पडद्यावर फोटो दाखवायचे. तिथं वझलवार नावाचे एक गृहस्थ होते, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी एकदा म्हटलं, "मोहरीलचा वाघ नेहमी पुढच्या वळणावर असतो." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी काही दाखवायला उठलो की कोणीतरी मागून विचारायचंच, "हललाय का हो?" मी हसून साजरं करायचो आणि घरी जाताना स्कूटरवर ओठ चावत जायचो. जो वाघ दिसलाच नाही त्याचं दुःख होत नाही. समोर आलेला, आपल्यासाठी थांबलेला आणि आपल्या बोटाखालून निघून गेलेला वाघ वर्षानुवर्षं छळतो. हे ज्याला झालं नाही त्याला सांगून कळत नाही.

पण या वेळी मी हौसेनं आलो नव्हतो. मला दिघोरे साहेबांनी बोलावलं होतं. ते त्या भागाचे रेंजर, माझे जुने ओळखीचे. कोसमटोला आणि आसपासच्या दोन गावांत मिळून दोन महिन्यांत तीन माणसं मेली होती. एक बांबू तोडणारा, एक गुराखी आणि मोहा वेचायला गेलेली एक बाई. तिसरा बळी गेला त्या जागी वनखात्यानं झाडाला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधले होते. एक गुरांनी पाडला. दुसऱ्यानं एकच फोटो दिला, परत आलेल्या वाघिणीच्या उजव्या बाजूचा. तिच्या मागच्या मांडीवर दोन पट्टे खाली येऊन जुळत होते, बेचकीसारखे. वाघाचे पट्टे म्हणजे माणसाच्या बोटांचे ठसे. एकाचे दुसऱ्याला कधी जुळत नाहीत. अडचण एवढीच होती की त्या जंगलात वाघिणी दोन होत्या. मारणारी कोणती हे ठरल्याशिवाय पकडायची परवानगी मिळत नव्हती. कॅमेरे लावणारं मोठं पथक यायला पंधरा दिवस लागणार होते आणि तोवर लोक थांबणार नव्हते. दिघोरे मला फोनवर म्हणाले होते, "एक स्वच्छ फोटो द्या मोहरील. उजवी बाजू. बाकी मी पाहतो."

राहायची सोय डोमाजीकडे होती. डोमाजी कुळमेथे, खात्याचा वनमजूर, बावीस वर्षं रोजंदारीवर. पन्नाशी उलटलेला, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. वाघाचा माग काढावा तर त्यानंच, असं दिघोरेही म्हणायचे. त्याची बायको पूर्वीच वारली होती. घर त्याची थोरली बहीण बायजाबाई चालवायची. तीही विधवा. भावाच्या वाट्याचं बोलणंसुद्धा तीच बोलत असावी. लाखोळीची डाळ आणि भात माझ्यापुढे ठेवून ती समोरच बसायची आणि माझ्या लेन्सकडे बोट करायची.

"बाबू, येवढी मोठी नळी घेऊन फिरतेस अन् वाघ काई सापडत नाही तुले."

मी म्हणायचो, सापडेल. ती म्हणायची, सापडव लवकर. मोहा पडून रायला. जंगलात जायला बंदी होती, आणि मोहाची फुलं तर वर्षातून तीन-चार आठवडेच पडतात. पहाटे वेचली नाहीत तर हरणं खातात, उरलेली सडतात. तिला घरात बसूनही त्यांचा वास येत होता. मोहा काई आपली वाट पाहत नाही, असं ती दिवसातून दहादा म्हणायची.

त्या संध्याकाळी आम्ही मचाणावरून उतरलो. डोमाजी झिऱ्याकडे गेला आणि वाघिणीच्या ठशांपाशी उकिडवा बसला. बराच वेळ बसला. एका ठशावर त्यानं हात पसरून धरला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मी कॅमेरा छातीशी धरून उभा होतो. माझ्या डोक्यात चौदा फोटो फिरत होते. तीच आहे का, म्हणून मी विचारलं. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, साहेब फोटो पाहतीन तवा समजंल.

सकाळी आम्ही रेंज ऑफिसात गेलो. फाटकाबाहेर शंभरेक माणसं रस्त्यावर बसली होती. आरडाओरडा नव्हता. मेलेल्या बाईचा नवरा पुढे बसला होता आणि त्याच्या मांडीवर तिची मोहा वेचायची टोपली होती. दिघोरे साहेबांचे डोळे तांबारले होते. त्यांनी माझे फोटो संगणकावर उघडले आणि शेजारी त्या झाडावरच्या कॅमेऱ्याचा फोटो लावला.

एक ते दहा नुसता बांबू. अकराव्या फोटोत दोन बांबूंच्या मध्ये फट होती आणि त्या फटीत मागची मांडी होती. धूसर. दोन काळे पट्टे खाली जाताना दिसत होते आणि खाली ते एकमेकांत मिसळल्यासारखे वाटत होते. पण त्या फोटोत सगळंच एकमेकांत मिसळलेलं होतं.

सांगता येत नाही, हे शब्द माझ्या जिभेवर होते. एवढंच म्हणायचं होतं. पुन्हा मचाणावर बसलो असतो. दोन दिवस, चार दिवस.

दिघोरे पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "हललाय का हो?"

त्यांना क्लबातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता. पण मी बोललो ते त्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोललो.

"हललेला नाही. बांबू मध्ये आलाय. पण खूण दिसते ना. ही पहा बेचकी. तीच आहे."

"नक्की?"

"बारा वर्षं वाघ पाहतोय मी, साहेब."

त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग दारात टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या डोमाजीला विचारलं, तू ठसे पाहिलेस ना, तुझं काय म्हणणं. डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या लोकांकडे पाहिलं. साहेबाईनं सांगतलं तं तेच असंल, म्हणाला. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्या. त्याची सही मी पहिल्यांदाच पाहिली. पाटीवर पोरानं काढावी तशी मोठी मोठी अक्षरं होती.

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, त्याच झिऱ्यापाशी वाघिणीला बेशुद्धीची सुई मारली. ती पन्नास पावलं गेली आणि बेटाच्या तोंडाशी उजव्या कुशीवर कलंडली. मी तिथंच होतो. दिघोऱ्यांनीच सांगितलं होतं की फोटो तुम्हीच काढा, फायलीला लागतील. निजलेल्या वाघिणीचे फोटो मी काढले. एकही बिघडला नाही.

डॉक्टर तिला तपासत होते. कान, दात, पंजे. मग त्यांनी पोटाखाली हात घालून दाबलं आणि बोट वर करून पाहिलं. बोटावर पांढरा थेंब होता.

"दूध आहे," ते म्हणाले. कोणाकडे पाहून नाही म्हणाले.

दिघोऱ्यांनी लगेच दहा माणसं पिल्लं शोधायला पिटाळली. पिंजरा गाडीवर ठेवला होता. तिला झोळीत घेताना सहा जणांनी उलटवलं आणि क्षणभर उजवी बाजू वर आली. मी एक फोटो काढला. तो कसा आलाय हे मी पाहिलं नाही. एरवी मी प्रत्येक फोटो तिथल्या तिथं पाहतो. तो पाहिला नाही.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. गावात जीप फिरवून भोंग्यावर सांगण्यात आलं की वाघीण पकडली, आता भीती नाही.

मी डोमाजीच्या घरी सामान आवरायला गेलो. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. बायजाबाई आतून आली. त्या दिवशी तिनं माझी थट्टा केली नाही. माझ्यासमोर उभी राहून तिनं नीट विचारलं.

"बाबू, पक्की तेच होय ना? मोहा आठ-दहा दिवस आहे आता. जाऊ का मी?"

"तीच आहे बायजाबाई. जा खुशाल."

"तुनं पाह्यली ना तुह्या डोळ्यानं?"

"पाहिली."

तिनं मान डोलावली आणि टोपली खाली काढायला आत गेली. डोमाजीचा विळा दगडावर घासत राहिला.

शनिवारी वर्तमानपत्रात माझा फोटो आला, म्हणजे मी काढलेला वाघिणीचा, आणि खाली माझं नाव. रविवारी सकाळी क्लबची बैठक होती. मी चार फोटो दाखवले. कोणी काही विचारलं नाही. सगळे उभे राहिले. वझलवारांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, मोहरील, आज तुम्ही आम्हाला सगळ्यांना मागे टाकलंत. माणसं जिवंत राहतील तुमच्या एका फोटोमुळे. घरी येताना स्कूटरवर मी चक्क गुणगुणत होतो.

दुपारी स्टुडिओत बसलो. दिघोऱ्यांनी सांगितलं होतं की दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवून द्या, प्रकरण पूर्ण होईल. मी झोळीतला तो एक फोटो उघडला. स्वच्छ आला होता. बारा वर्षांत माझ्याकडून इतका स्वच्छ फोटो क्वचितच आला असेल. केस न् केस मोजता यावा. मागच्या मांडीवर दोन पट्टे होते. ते खाली आले होते, पोटापर्यंत आले होते आणि कुठंही जुळले नव्हते. दोघांच्या मध्ये दोन बोटांचं अंतर होतं.

मी तो मोठा करून पाहिला. उलटा करून पाहिला. मग उठून स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तसाच बसून राहिलो.

दिघोऱ्यांचा नंबर मला पाठ होता. फोन उचलून सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. साहेब, चूक झाली, लोकांना जंगलात जाऊ देऊ नका. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी वाटलं, रविवार आहे, उद्या ऑफिस उघडल्यावर करू. सोमवारी एका ओळखीच्यानं पेढे आणले. मंगळवारी मी स्वतःला समजावलं की त्या झाडावरच्या कॅमेऱ्याचा फोटोच कदाचित तिरपा असेल, कोन वेगळा असला की पट्टे जुळल्यासारखे दिसतात. बुधवारी बायकोनं विचारलं, तुम्ही जेवत का नाही. मी म्हटलं, ऊन लागलंय.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. नंबर तिथल्या वनरक्षकाचा होता, पण आवाज डोमाजीचा.

"भाऊ, बायजा गेली."

मी विचारलं, कुठं. काय विचारतोय हे मला कळत होतं, तरी विचारलं.

"मोह्याखाली," तो म्हणाला, आणि फोन वनरक्षकाकडे दिला.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ती गावापासून फार लांब गेलीच नव्हती. शेवटच्या शेताच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर तिचं ठरलेलं झाड होतं. सोबत आणखी तीन बाया होत्या. त्या ओरडल्या, त्यांनी दगड मारले. वाघीण सोडून गेली, पण तोवर बायजाबाईची मान मोडली होती. मी मातीला गेलो. मी डोमाजीसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि बाजूला झालो. जे बोलायला आलो होतो ते बोललो नाही.

मग रेंज ऑफिसात गेलो. दिघोऱ्यांसमोर दोन्ही फोटो ठेवले आणि एका कागदावर सगळं लिहून दिलं. अकराव्या फोटोत मला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, रविवारी दुपारी मी काय पाहिलं, चार दिवस मी काय केलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "वर कळवलं तर विचारतील, रेंजरनं एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या शब्दावर वाघीण कशी धरली. आणि गावाला सांगू का, की आम्ही भलतीच वाघीण धरली होती? मी जिवंत जाईन का इथून?"

त्यांनी कागदाची घडी घालून खणात टाकली. तो पुढे फायलीत लागला की नाही, मला माहीत नाही. डोमाजीला सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, पिल्लं सापडली. एक सापडलं. मेलेलं. मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्याचा पत्ता नाही.

पुढे मोठं पथक आलं. त्यांनी झाडाझाडाला दोन्ही बाजूंनी कॅमेरे लावले आणि एकोणीस दिवसांनी बेचकीवाली वाघीण पकडली. म्हातारी होती, वरचा एक सुळा तुटलेला होता. कागदावर लिहिलं गेलं की त्या भागात माणसं मारणाऱ्या वाघिणी दोन होत्या. पहिली पिंजऱ्यातच राहिली, नऊ वर्षं जगली. तिच्या पिंजऱ्यावर पाटी होती. तीन माणसांच्या मृत्यूस कारणीभूत, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी एकदा जाऊन ती पाटी वाचून आलो. वाघीण मागच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. ती उठली नाही आणि मीही फार वेळ थांबलो नाही.

डोमाजीकडे जायला मला सात महिने लागले.

कार्तिक संपत आला होता. धान कापून झालं होतं आणि तो खळ्यावर एकटाच पेंढ्या झोडपत होता. अंगात खात्याचा खाकी शर्ट होता, नवा. मला पाहून त्यानं मान हलवली, हात थांबवला नाही. मी खळ्याच्या कडेला बसलो आणि सांगायला सुरुवात केली. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. बांबू, अकरावा फोटो, दिघोऱ्यांचा प्रश्न, क्लब, रविवारची दुपार, हातात घेऊन ठेवलेला फोन. तो फळीवर पेंढी आपटत होता, धान उडत होतं आणि मी बोलत होतो.

माझं संपल्यावर त्यानं हातातली पेंढी रिकामी केली, बाजूला टाकली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसला.

"मले त्याच दिशी मालूम होतं जी," तो म्हणाला.

मला आधी समजलं नाही.

"मारणारीच्या मागच्या डाव्या पायाचं एक बोट फाकते. तिन्ही जागी पाह्यलं होतं मी. हिचे चारही पाय साजरे होते. वाळूत हात ठेवून पाह्यलं ना मी. तुमी उभेच होते."

"मग बोलला का नाहीत डोमाजी?"

तो तळहातात रुतलेली धानाची कुसं काढू लागला.

"गाव रस्त्यावर बसलं होतं. साहेब म्हणे, वाघ सापडला की तुही कायमची ऑर्डर लावतो. बावीस वर्स झाले होते मले रोजंदारीवर. मंग तुमी म्हटलं तेच होय. मी म्हटलं, शिकलेला माणूस म्हणते, फोटो आहे त्याईच्यापाशी. आपण काऊन आडवं लावाचं."

"ऑर्डर आली?"

"आली. आगस्टात." त्यानं शर्टाची कड चिमटीत धरून दाखवली. "घेतली मी."

पलीकडच्या खळ्यावर कोणीतरी बैलांना हाकारत होतं. डोमाजी तिकडे पाहत म्हणाला, "त्या सांजेले बायजानं तुमाले इचारलं. मी बाजूलेच होतो. जन्मभर जंगलातलं काई बी असो, ते मलेच इचारे. कोणत्या वाटेनं जाऊ, कवा जाऊ, वारा कुठला आहे. सगळं मलेच. त्या दिशी तुमाले इचारलं. मायाकडं पाह्यलं बी नाही तिनं."

मी गप्प राहणार होतो. पण विचारलं.

"पाहिलं असतं तर? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्यानं समोर सांडलेलं धान मुठीत गोळा केलं.

"तेच शोधून रायलो जी," तो म्हणाला. "रोज शोधतो. सापडत नाही."

अर्धं खळं अजून बाकी होतं. तो उठला, ढिगातून एक पेंढी घेतली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. मी बाह्या वर केल्या. कशी धरायची ते त्यानं एकदा दाखवलं, मग आम्ही फळीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. तो आपटायचा, मग मी आपटायचो. ऊन उतरलं तेव्हा ढीग संपत आला होता.